साधी गाडी, सगळे थांबे

आमच्या इमारतीला तिसऱ्या मजल्यापर्यंत साठ पायऱ्या आहेत. दहा पायऱ्या, वळण, दहा पायऱ्या, मजला. असं तीनदा. लिफ्ट नाही. तीन वर्षं मी रोज चढत-उतरत होते आणि हा आकडा मला ठाऊक नव्हता. पाय धड असले की कोण मोजतं?

मोजायला लावलं ते शेजारच्या कंडक्टरबाईंनी.

एकोणतीस वर्षं त्यांनी शहर बसवर तिकिटं फाडली. त्यातली बहुतेक सात नंबरवर. शाळेत असताना मीही त्याच गाडीनं जायचे. मी त्यांना आठवत नाही. त्या मला पक्क्या आठवतात. खाकी साडी, खांद्यावर चामडी पिशवी आणि आवाज. "पुढे सरका, पुढे जागा आहे." झोपलेला माणूससुद्धा झोपेतच पुढे सरकायचा. चालत्या गाडीत त्या कशालाही धरत नसत. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला की अख्खी गाडी एकमेकांच्या अंगावर, आणि बाई जागच्या जागी, नोटा बोटांत धरून. हात तिकिटासाठी असतात, दांडीसाठी नाही, असं त्या म्हणायच्या.

डेपोत त्या पहिल्याच बाई. रुजू झाल्या तेव्हा एक जुना ड्रायव्हर म्हणाला होता, "बाई, आठ दिवस टिकलात तर मिशी काढीन." नवव्या दिवशी त्यांनी डब्याबरोबर वस्तरा नेला. पुढची अकरा वर्षं तो ड्रायव्हर त्यांच्याच गाडीवर होता. बिनमिशीचा.

लेक चार वर्षांची असताना नवरा गेला. लेकीला सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून ती शाळा सुटली की सात नंबरवर यायची. मागच्या दाराजवळ कंडक्टरची एकटी सीट असते, तिच्यावर बसून गृहपाठ करायची. तिला सगळं करायची मुभा होती. बेलच्या दोरीला हात लावायची नव्हती. एक टण म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. ती कितीदा तरी म्हणायची, "आई, एकदाच देऊ?" उत्तर ठरलेलं. "बेल कंडक्टर देतो."

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली आणि खोकला सुरू झाला. तो जाईना. तपासण्या झाल्या. फुप्फुसाचा कॅन्सर निघाला, पसरलेला. डॉक्टर म्हणाले, चौथी स्टेज.

"चौथी कशी?" बाई म्हणाल्या. "मी तर तिसऱ्यावर राहते."

डॉक्टरांना हसावं की नाही ते कळेना. मग त्यांनी नीट सांगितलं. हा मुळापासून जाणार नाही. औषधानं धरून ठेवता येईल. किती दिवस, ते बघत जाऊ. दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून औषध घ्यायचं.

मग जो भेटेल तो एकच सांगायचा, आता आराम करा. बाईंनी आयुष्यात कोणाचं ऐकलं नव्हतं, ते नेमकं तेव्हा ऐकलं. दोन महिने पलंगावर पडून राहिल्या. मी ताक-भात, चहा, वर्तमानपत्र नेऊन द्यायचे. एके दिवशी न्हाणीघरात जाताना त्यांनी भिंत धरली. मी बघितलं, आणि मी बघितलं हे त्यांनी बघितलं.

"एकोणतीस वर्षं उभी राहिले," त्या म्हणाल्या. "दोन महिन्यांत पाय विरघळले."

त्यानंतरच्या आठवड्यात औषध घेऊन परत येताना ते घडलं. लेक दुसऱ्या शहरातून आली होती, हातात फाइल घेऊन मागे होती. बाई एका दमात चढायला निघाल्या. दुसऱ्या मजल्यावर खाली बसल्या. ओठ निळसर पडले होते. शब्द फुटेना. शेवटी खालच्या दुकानातून प्लास्टिकची खुर्ची आणली आणि चौघांनी त्यांना उचलून वर नेलं. शेवटच्या वळणावर त्यांना जरा श्वास आला, तेव्हा त्या म्हणाल्या, "माझं लगेजचं तिकीट फाडा."

कोणी हसलं नाही.

संध्याकाळी लेकीनं विषय काढला. मी निघत होते, तर बाईंनी मनगट धरून मला बसवलं.

"माझ्याकडे तळमजला आहे," लेक म्हणाली. "खोली रंगवून ठेवलीय."

"कुठला रंग?"

"आई, विषय बदलू नकोस."

"हे घर माझं आहे. ह्या गॅलरीतून मला डेपो दिसतो."

"आणि पुन्हा दुसऱ्या मजल्यावर बसलीस तर? मी तिकडे. इथे कोण, ही पुस्तकवाली उचलणार तुला?"

पुस्तकवाली म्हणजे मी. मी साहित्यात पदवी घेतली आहे आणि एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासते. माझ्यानं गॅसचा सिलिंडरही उचलवत नाही.

मग लेक म्हणाली, "दहा आठवड्यांनी मला रजा आहे. मी येईन. माझ्या डोळ्यांसमोर स्वतःच्या पायांनी वर आलीस तर राहा. खुर्ची लागली तर तिथूनच माझ्याबरोबर यायचं. कपडे मी भरून घेईन."

"ठरलं," बाई म्हणाल्या.

"शब्द?"

"एकोणतीस वर्षांत माझी गाडी एकदाही उशिरा सुटली नाही."

पुढच्या तपासणीला त्यांनी डॉक्टरांना सरळ विचारलं, "मला चढायचंय. कोण शिकवतं?" डॉक्टरांनी आधी हाडांचे फोटो पुन्हा पाहिले, मग लांबलचक पॅसेजच्या टोकाला असलेल्या एका खोलीत पाठवलं. तिथली फिजिओथेरपिस्ट माझ्याहून लहान असेल. बाई पहिल्या दिवसापासून तिला पोरी म्हणायला लागल्या.

तिनं पॅसेजमध्ये दोन टोकांना दोन प्लास्टिकचे शंकू ठेवले. सहा मिनिटांत जमेल तेवढं चालायचं. बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र. बाई दोनशे वीस मीटर चालल्या आणि दोनदा थांबल्या. मग एका पायावर उभं राहायला सांगितलं. पोरीच्या हातात घड्याळ होतं. दहा सेकंद, वीस, तीस. पोरगी घड्याळाकडे बघेना, बाईंकडे बघायला लागली.

"मावशी, पुरे."

"सात नंबरला अजून कोर्टाचं वळण यायचंय," बाई म्हणाल्या.

तोल होता. जोर गेला होता. पोरीनं तेच सांगितलं. आजार आजाराच्या जागी आहे, पण तुमच्या थकव्यातला बराचसा भाग पडून राहण्याचा आहे, तो आपण परत मिळवू शकतो. व्यायामानं कॅन्सर जाणार नाही, हेही तिनं स्पष्ट सांगितलं. मला ते आवडलं. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, दहा वेळा. पाण्यानं भरलेल्या बाटल्या उचलायच्या. रोज चालायचं. जोर लावताना ओठ मुडपून हळू श्वास सोडायचा. यंत्रावरचा आकडा नव्वदच्या खाली गेला, छातीत किंवा हाडात दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथंच थांबायचं आणि फोन करायचा.

"आणि वेग किती?" बाईंनी विचारलं.

"चालताना एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. मध्ये तुटलं तर वेग जास्त."

"कुठलं वाक्य?"

"कुठलंही. तुमच्या सवयीचं."

बाईंनी थोडा विचार केला. मग पॅसेजमध्ये चालता चालता म्हणाल्या, "पुढे सरका, पुढे..." तिथंच तुटलं. आवाजही त्यांचा नव्हता, कोणी शेजारच्या खोलीतून बोलतंय असा. त्या थांबल्या. मी खिडकीबाहेर बघितलं.

पोरीनं कागदावर लिहून दिलं: गॅलरीत रोज सहा फेऱ्या, दोन हप्त्यांत. आमची गॅलरी मजल्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत आहे, बाईंची बावीस पावलं. मी वहीत नोंद ठेवायचे. सकाळी तीन, संध्याकाळी तीन. गॅलरीतले शेजारी आधी बाजूला व्हायचे, मग नुसते पाय आत घ्यायला लागले. पहिल्या खोलीतले आजोबा रोज विचारायचे, "सात नंबर वेळेवर आहे का?" बाई म्हणायच्या, "सुट्टे काढून ठेवा."

तीन आठवड्यांनी पोरीनं वही बघितली. कपाळाला आठी पडली.

"पावलं दोनशे चौसष्ट? सहा फेऱ्यांना?"

"बरोबर आहे," मी म्हटलं. "एका फेरीला चव्वेचाळीस."

"गॅलरी बावीसची आहे ना?"

"जायचे बावीस, यायचे बावीस," बाई म्हणाल्या. "फेरी म्हणजे काय? गाडी डेपोतून निघाली, शेवटच्या थांब्याला गेली, परत डेपोत आली. तेव्हा फेरी होते. नुसती गेली तर गाडी तिकडेच राहिली की."

पोरगी कपाळाला हात लावून बसली. तिच्या लेखी एक फेरी म्हणजे ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाई तीन आठवडे दुप्पट चालल्या होत्या. तिनं मला चांगलंच झापलं. हाडातही कॅन्सरची एक जागा आहे, हे असं अंदाजानं चालत नाही, वाढवायचं ते मोजून वाढवायचं. बाईंना तपासलं, दुखतंय का विचारलं, कुठे कुठे दाबून बघितलं. मग शंकू मांडले. सहा मिनिटं. दोनशे सत्तर मीटर. एकदाच थांबल्या.

पोरीनं आकडा लिहिला आणि पेन बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

"आता ह्यापुढे फेरी तुमचीच धरू," ती म्हणाली. "पण मला विचारल्याशिवाय एकही जादा गाडी सोडायची नाही."

"जादा गाडीला वरून ऑर्डर लागते," बाई म्हणाल्या. "ते मला ठाऊक आहे."

पायऱ्यांचं मात्र जमेना. पोरीनं सांगितलं होतं, दम लागायच्या आधी थांबायचं, प्रत्येक वळणावर. बाईंना ते पटत नव्हतं. मध्ये थांबणं त्यांना लाजिरवाणं वाटायचं. कोणी वरून उतरताना दिसलं की त्या जोर करून चढायच्या, हसून "बरं आहे ना" म्हणायच्या आणि तो माणूस वळला की कठड्यावर ओणव्या व्हायच्या. पाचव्या आठवड्यात तीस पायऱ्या. सहाव्यातही तीसच. मी एकदा म्हटलं, "मावशी, थांबलात तर काय बिघडेल?"

"तू थांब. तुझं वय आहे थांबायचं."

सातव्या आठवड्यात आम्ही औषध घेऊन बसनं येत होतो. लाकडाच्या वखारीपाशी एक म्हातारी हात करून उभी होती. गाडीत जागा होती. ड्रायव्हरनं गाडी दामटली. बाई सीटवरून उठल्या, पुढे गेल्या, ड्रायव्हरला काही म्हणाल्या. आवाज पोचला नाही. त्यानं मागे वळूनही बघितलं नाही. घरी येईपर्यंत त्या धुमसत होत्या.

"थांबा सोडला. डोळ्यांदेखत थांबा सोडला. घाई असलेल्यांसाठी जलद गाड्या आहेत. ही साधी गाडी आहे. साधी गाडी सगळे थांबे घेते. थांबणं हे तिचं कामच आहे, उपकार नाहीत."

हे त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर म्हणाल्या आणि चढायला लागल्या. दहा पायऱ्या झाल्या. वळणावर त्या थांबल्या. माझ्याकडे बघितलं.

"पोस्ट," त्या म्हणाल्या.

पिशवीतून त्यांनी जुना तिकिटाला भोक पाडायचा चिमटा काढला. निवृत्त होताना तो त्यांनी परत केलाच नव्हता. तो लोखंडी कठड्यावर एकदा आपटला. टण. उभ्या राहिल्या, ओठ मुडपून श्वास सोडत, कशालाही न धरता. मग वाक्य म्हणून बघितलं. "पुढे सरका, पुढे जागा आहे." पूर्ण आलं. टण टण. निघाल्या.

पोस्ट, वखार, मुलींची शाळा, कोर्ट, दवाखाना, पंपहाउस. तीन वळणं, तीन मजले, सात नंबरचे सहा थांबे. वाक्य तुटलं तर गाडी थांब्यावरच. कोणी वरून आलं तर आता त्याच म्हणायच्या, "उतरणारे आधी." त्या दिवशी कोर्टापर्यंत गेल्या, म्हणजे चाळीस पायऱ्या. तिथून वर बसत बसत नेलं. चार दिवसांनी दवाखाना.

मग नववा आठवडा वाईट गेला. ताप आला, भूक गेली. पोरीनं फोनवर सांगितलं, फक्त खुर्चीतून उठबस, तीही पाच वेळा. पहिल्या खोलीतले आजोबा विचारायचे, "सात नंबर?" मी म्हणायचे, "डेपोत आहे." पंपहाउसला गाडी अजून एकदाही पोचली नव्हती. लेकीला यायला आठ दिवस राहिले होते. बाई पलंगावर बसून गॅलरीतून डेपोकडे बघत राहायच्या. त्यांनी मला एकदाच विचारलं, "त्या खोलीला कुठला रंग दिलाय, काही बोलली का ती?" मी नाही म्हटलं.

लेक आली ती सकाळी दहाला. आम्ही तपासणी उरकून इमारतीखाली उभ्या होतो. तिच्या हातात एक मोठी बॅग होती. उचलण्यावरूनच ती रिकामी आहे हे कळत होतं. दुकानाबाहेर तीच प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली. तिघींनी ती बघितली.

"ताप कधी उतरला?" लेकीनं मला विचारलं.

"चार दिवस झाले."

"आई, पुढच्या महिन्यात बघू हवं तर."

"गाडीची वेळ झाली," बाई म्हणाल्या.

पोस्ट. टण. वाक्य पूर्ण. टण टण. वखार. टण. इथं त्या जास्त थांबल्या. लेक चार पायऱ्या खाली होती, बॅग धरून. तिला जिन्यातले हे थांबे माहीत नव्हते, कोणी सांगितलेच नव्हते. पण दुसऱ्या टणला तिनं मान वर केली. लहानपणी गृहपाठ करताना ती हाच आवाज ऐकत होती.

शाळा. कोर्ट. कोर्टाला, म्हणजे ज्या जागी त्या खाली बसल्या होत्या तिथं, वाक्य तुटलं. "पुढे सरका, पुढे..." त्या उभ्या राहिल्या. बोटावरचं यंत्र ब्याण्णव दाखवत होतं. मी आकडा मोठ्यानं सांगितला. लेकीनं बॅग खाली ठेवली.

तेवढ्यात वरून आवाज आला, "बाजूला व्हा, बाजूला व्हा." तिसऱ्या मजल्यावरचं एक बिऱ्हाड जात होतं. दोन हमाल लाकडी कपाट उतरवत होते. खालचा पाठमोरा होता, त्याला पायरी दिसत नव्हती. वरचा म्हणत होता डावीकडे, खालचा उजवीकडे जात होता. कपाट तिरकं झालं आणि वळणावर अडकलं. खालच्याचा एक पाय हवेत चाचपडायला लागला.

मी ओरडायला तोंड उघडलं. माझ्या तोंडून काहीच आलं नाही.

"थांब."

तो आवाज मी तेरा-चौदा वर्षांनी ऐकला. हमाल जागच्या जागी थिजले. बाई वळणाकडे तोंड करून उभ्या होत्या, हात मोकळे.

"पाय मागे टाक. पायरी आहे. येऊ दे." श्वास. "येऊ दे. वरच्यानं उचल." श्वास. "डावीकडे. तुझ्या डावीकडे रे, कपाटाच्या नाही. येऊ दे, येऊ दे, येऊ दे. बास."

कपाट सुटलं. आमच्या अंगावरून वीतभर अंतरानं खाली गेलं. आम्ही दोघी भिंतीला चिकटलो होतो. बाई कशालाही टेकल्या नव्हत्या. खालचा हमाल घाम पुसत म्हणाला, "मावशी, गाड्या रिव्हर्स घ्यायच्या का तुम्ही?"

"सात नंबर डेपोत लावून घ्यायचे मी," बाई म्हणाल्या. "रोज."

हमाल गेले. यंत्रावर एक्क्याण्णव होतं, मग त्र्याण्णव झालं, मग पंचाण्णव. बाई ओठ मुडपून श्वास सोडत होत्या. मी लेकीकडे बघायचं टाळत होते. मग माझ्या मागे कठड्यावर आवाज झाला. टण टण. लेकीनं घराच्या किल्लीनं वाजवला होता.

बाई हलल्या नाहीत. वळून खाली बघितलं.

"बेल कोण देतं?"

लेक बेचाळीस वर्षांची आहे. तिच्या हाताखाली सोळा माणसं काम करतात. तिनं किल्ली पर्समध्ये ठेवली.

"कंडक्टर," ती म्हणाली.

"मग?"

"चुकले."

बाईंनी वाक्य म्हणून बघितलं. पूर्ण आलं, आणि शेवटचा "आहे" वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेला. मग त्यांनी चिमटा उचलला. टण टण. दवाखाना. टण. बराच वेळ. टण टण. पंपहाउसच्या दहा पायऱ्यांना किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. वर आजोबा दारात उभे होते. त्यांनी हातातल्या घड्याळाकडे बघितलं.

"लेट आहे," ते म्हणाले.

"रस्त्यात कपाट होतं," बाई म्हणाल्या आणि स्वतःच्या किल्लीनं स्वतःचं दार उघडलं.

लेक दोन दिवस राहिली. पोरीला फोन करून तिनं बरंच काही विचारून घेतलं आणि एका वहीत लिहिलं. ताप आला तर काय, आकडा उतरला तर कोणाला कळवायचं, औषधाच्या आठवड्यात किती फेऱ्या. फेरी कोणती धरायची, हेही विचारलं. पुढच्या तपासणीत फुप्फुसातली गाठ आहे तेवढीच निघाली. डॉक्टर म्हणाले, सध्या हीच चांगली बातमी. पुढचं कोणाला सांगता येत नाही, आणि बाई ते विचारतही नाहीत. त्या रोज दोन हप्त्यांत चालतात, एक दिवसाआड जिना उतरून चढतात. मी मागे असते. मुद्रितं तपासताना चूक दिसली की आम्ही समासात खूण करतो. ह्या बाईंबद्दल लिहिताना मला खूण कुठे करायची ते सापडलं नाही.

दोन दिवस राहून लेक निघाली तेव्हा बाई गॅलरीत उभ्या होत्या. ती खाली रस्त्यावर पोचली, तशी त्यांनी वरून विचारलं. अख्ख्या गल्लीनं ऐकलं असेल.

"लगेज आहे का काही?"

लेकीनं रिकामी बॅग एका बोटावर उचलून दाखवली.